रोडग्याची सोबत

रोडगा फोडण्याचा क्षण आपण आधी नीट पाहून घेऊ. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बराच वेळ पुरलेला, राखेनं भुरकट झालेला तो गोळा फडक्यात घोळून पुसलेला असतो. वरचं कवच ठिकठिकाणी तडकलेलं, कुठे काळवंडलेलं, कुठे खरपूस तांबूस. मुठीचा एक दाब बसतो, आतून वाफ उसळते आणि पदरामागून पदर सुटू लागतो. रवाळ दळलेल्या गव्हाच्या कणकेत मोहन, ओवा आणि मीठ घालून, लाटीवर लाटी रचताना मधे जे तेलाचं बोट फिरवलेलं असतं, त्याचं फळ या घडीला पदरात पडतं. त्या उघड्या पदरांत तूप सोडलं की बघता बघता ते आत जिरतं, आणि मग जो गंध नाकाशी येतो त्यात गहू असतो, ओवा असतो, तूप असतं आणि या सगळ्यांच्या तळाशी, आलापाच्या मागे तंबोरा असावा तसा, अखंड धूर असतो.

बुलढाणा जिल्ह्यात या भाजणीला ऋतूचं बंधन नाही. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा लागतो, तो ऐन हिवाळ्यात. पण रोडग्यांची खरी पंगत, निदान माझ्या मते, उन्हाळ्याची. रब्बीची रास घरी आलेली असते, शेतं मोकळी झालेली असतात, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधाला लागलेल्या असतात आणि कुणाचा तरी नवस फेडायचा राहिलेला असतो. मारुतीच्या पाराशी किंवा शेतातल्या जुन्या आंब्याखाली सकाळीच गोवऱ्या रचल्या जातात. रोडगे भाजायचं काम बहुधा पुरुष मंडळींचं. गोवऱ्यांचा जाळ बसून लालबुंद विस्तव उरेपर्यंत थांबायचं, मग रोडगे अंथरायचे, काठीनं परतायचे, आणि चारी बाजूंनी रंग धरला की त्याच गरम राखेत झाकून टाकायचे. ही प्रतीक्षा चाललेली असते तेव्हा पंगतीचं दुसरं, कमी दिसणारं काम सावलीत चालू असतं. ते म्हणजे सोबतीला काय काय ठेवायचं याची निवड.

ही निवड वाटते तितकी किरकोळ नाही. रोडगा जड आहे, कोरडा आहे, तुपानं माखलेला आहे आणि अग्नीच्या पोटातून आलेला आहे; वर वैशाखाचं ऊन. अशा जेवणाला सोबत देताना वऱ्हाडी माणसानं एक फार शहाणी वाट धरली आहे. वांग्याची रस्सेदार भाजी आणि तुरीचं वरण ही दोन पातेली चुलीवर चढतात, तेवढं विस्तवाचं देणं झालं. बाकीचं जे काही पानाच्या कडेला येतं, त्याला शक्यतो आच लागू द्यायची नाही. जे अग्नीतून आलं त्याच्या शेजारी जे अग्नीपर्यंत गेलंच नाही ते ठेवायचं. त्यात आंबट हवं, रसाळ हवं, दाताखाली कुरकुरणारं हवं. आणि करायला सोपं हवं, कारण शेतात पाटा-वरवंटा कोण नेणार! विळी, परात आणि दोन हात एवढ्यात जे होईल तेवढंच.

यातला माझा सगळ्यात लाडका पदार्थ कैरीचा तक्कू. त्याच्याजवळ आपण जरा जास्त वेळ थांबू या. कैरी गावरान, कडक, आतून पांढरीशुभ्र आणि चांगली आंबट हवी. पाड लागलेली नको, कारण मग तिच्यातला ताठपणा जातो. साल काढून ती किसायची, त्यात गूळ चिरून घालायचा, मीठ आणि लाल तिखट घालायचं. एवढं झाल्यावर जे उरतं त्यात तक्कूचं सारं मर्म आहे. पळीत तेल तापवून मोहरी तडतडली की मेथीदाणे टाकायचे, ते लालसर होईपर्यंत धीर धरायचा, हिंग-हळद घालायची आणि ही फोडणी कोमट होऊ द्यायची. उकळती फोडणी ओतली तर कैरी मान टाकते, तिचा कच्चा करकरीतपणा निघून जातो. कोमट ओतली तर तेलातला हिंग आणि मेथीचा कडवट सुगंध किसाला बिलगतो आणि कैरी मात्र जशीच्या तशी राहते. म्हणजे आग लागली ती केवळ तेलाला, कैरीपर्यंत आला तो तिचा निरोप.

आता रोडग्याच्या तुपाळ तुकड्यावर या तक्कूची चिमूट ठेवून आपण घास घेऊन पाहू. आधी तूप आणि धूर जिभेवर पसरतात, मग कैरीचं आम्ल त्या स्निग्धतेला मधोमध छेदून जातं, पाठोपाठ गूळ येऊन दोघांत सलोखा करतो, आणि सगळं गिळून झाल्यावर मेथीचा एखादा दाणा दाढेखाली फुटून कडवट असा पूर्णविराम देतो. त्या कडूपणामुळे पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. काही घरांत तक्कूत गूळ इतका पडतो की तो मुरांब्याचा धाकटा भाऊ होतो. पोळीशी तो चालेल, पण रोडग्याशी गूळ बेताचाच हवा, कारण येथे कैरी गोड लागण्यासाठी आलेली नाही, तुपाला आवर घालण्यासाठी आली आहे. त्यात थोडा कांदा किसून घालणारेही आहेत. तो लगेच खायचा असेल तर उत्तम. पाणी सुटायच्या आत संपवावा.

कांदा मात्र मला वेगळा, अखंड हवा. सुरीनं चकत्या केलेला कांदा हॉटेलच्या ताटात शोभतो. शेतातल्या पंगतीत तो दगडावर ठेवून बुक्कीनं फोडायचा. फोडलेला कांदा आपल्या नैसर्गिक जोडांवर सुटतो, पाकळी पाकळी वेगळी होते, आतला उग्र रस बराचसा वाहून जातो आणि उरतं ते गारेगार, पाणीदार, कुरकुरीत काहीतरी. त्या खोलगट पाकळीचाच चमचा करून तक्कू उचलता येतो, हे ज्याला सुचलं असेल त्याची रसिकता मोठी. शेजारी हिरवी मिरची, मीठ लावून किंवा तशीच. या साध्या मिरचीला आपल्या जिल्ह्यात केवढा मान आहे! १८७८ साली शेगावात प्रकटलेल्या गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला भक्त जो नैवेद्य घरोघरी दाखवतात, त्यात पिठलं-भाकरी आणि अंबाडीच्या भाजीबरोबर कांदा आणि हिरवी मिरची आवर्जून असतात. तोंडी लावायची वस्तू येथे थेट देवाच्या ताटात बसलेली आहे.

विस्तवात काहीच घालू नये असाही माझा हट्ट नाही. रोडग्यांच्या कडेला सालासकट कांदे आणि चार मिरच्या पुरून ठेवाव्यात. वरची सालं कोळसा होतात आणि आतला कांदा शिजून मऊ, जवळजवळ मधुर होतो. तो हातानं कुस्करून त्यात मीठ आणि भाजलेली मिरची चुरडली की कोणत्याही वाटणाची गरज राहत नाही. एकाच पानात फोडलेला कच्चा कांदा आणि विस्तवातला हा कांदा शेजारी शेजारी ठेवून पाहावं. एकच कंद आगीच्या अलीकडे काय असतो आणि पलीकडे काय होतो, याची चव आलटून पालटून घेता येते. भरताचा मोह मात्र उन्हाळ्यात आवरावा. जळगावकडची लांबट हिरवी वांगी असोत की आपली घरची, ती रसरशीत असतात थंडीत. उन्हानं वांग्यात बी भरतं, कडसरपणा येतो, आणि भरतात तो लपत नाही. रस्सेदार भाजीत तो तर्रीखाली खपून जातो, म्हणून उन्हाळ्याच्या पंगतीत वांग्यानं भाजीतच राहावं हे बरं.

चिवळीचंही असंच. जमिनीला बिलगून पसरणारी, मुंगीच्या डोळ्याएवढ्या पानांची ही उन्हाळी भाजी मला जिवापाड प्रिय आहे. पण तिची माती जाता जात नाही, पाण्यावर पाणी बदलावं लागतं. निवांत घरी तिचे मुटके करावेत. पंगतीच्या घाईत तिला ओढू नये.

जिल्ह्याला आपण दोन भागांत ओळखतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकरकडे दुपार तापली तरी संध्याकाळी वारा फिरतो. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर-नांदुऱ्यापासून शेगाव-संग्रामपूरपर्यंत ऊन जमिनीतून वर येतं, आणि तेथला बराच मुलूख खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी जिभेला खारट. तेथल्या पंगतीत ताकाची जागा काही और आहे. ताक पातळ हवं, माठातलं हवं, त्यात आलं-कोथिंबीर ठेचून आणि भाजलेलं जिरं चुरून घातलेलं हवं, आणि मिठाचा हात आखडता हवा, कारण पाण्यानं आपला वाटा आधीच उचललेला असतो. घाटावरच्या माणसानं खाली पंगतीला यावं, पहिला घोट घ्यावा आणि मीठ कमी की जास्त यावर यजमानांशी वाद घालावा, ही पूर्वापार चालत आलेली गंमत आहे. दोघंही आपापल्या विहिरीच्या बाजूनं खरं बोलत असतात. ताक मात्र सुरुवातीला भरपूर पिऊ नये. दोन रोडगे पोटात गेल्यावर जी एक मंद तृप्ती अंगावर चढते तिला थोपवून तिसऱ्या रोडग्यासाठी वाट करून देणं, हे त्याचं काम.

कुरकुरीत वस्तूंचं तर उन्हाळ्यात कोठारच उघडलेलं असतं. गच्चीवर, अंगणात बाजा टाकून त्यावर कुरडया, सांडया, ज्वारीच्या पापड्या वाळत असतात. पंगतीला तळणीचा घाट घालायची गरज नाही, पापड त्याच निखाऱ्यावर भाजता येतात. नजर मात्र क्षणभरही हलवायची नाही. या वाळवणांची थोरवी पाहायची तर अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला जावं. चंद्रभान महाराज वाघांच्या परंपरेतली ती घटमांडणी गावाबाहेरच्या शेतात होते. वर्तुळात अठरा प्रकारचं धान्य मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पृथ्वी म्हणून पुरी, आणि आजूबाजूला पापड, वडा, सांडोई, कुरडई. रात्र त्यांच्यावरून जाते आणि पहाटे त्या मांडणीत काय हललं, काय राहिलं, हे पाहून वर्षाचं पीक-पाणी सांगतात. भाकिताचा विचार ज्याचा त्यानं करावा. मला भुलवते ती मांडणी. वर्षभराच्या सृष्टीचं चित्र काढायला बसलेल्या शेतकऱ्यानं त्यात धान्याबरोबर आपल्या घरची कुरडई ठेवली, पापड ठेवला. ताटाच्या कडेला असणारे पदार्थ त्या दिवशी घागरीभोवती, जगाच्या मध्यभागी जाऊन बसतात.

जेथे जेथे माणूस उघड्यावर विस्तव पेटवून जेवतो, तेथे ही कडेची निवड फार वेगळी होत नाही. अर्जेंटिनात गाईचं मांस तासन्‌तास निखाऱ्यावर भाजतात, आणि त्याच्यावर जी चिमिचुरी घालतात ती म्हणजे कच्ची पार्सली, कोथिंबिरीच्याच कुळातली, लसूण, ओरेगॅनो, तेल आणि व्हिनेगर. आच न लागलेला पाला आणि आंबट. आपल्याकडे पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नवसाची कंदुरी होते, तेव्हा मटणाच्या शेजारी फोडलेला कांदा आणि लिंबूच असतं. रोडग्यासाठी केलेला तक्कू भाजलेल्या मटणाबरोबर खाऊन पाहा. तो आपलं काम तितक्याच चोखपणे करतो, फक्त गूळ आणखी थोडा कमी करावा आणि तिखटाचा हात सैल सोडावा. काकडीची कोशिंबीर करायची तर दही टाळून नुसतं लिंबू, भरडलेले शेंगदाणे आणि मीठ. दही ताकात येऊन गेलेलंच आहे.

शेवटी एक-दोन रोडगे हमखास उरतात. ते गरम असतानाच कुटून, गूळ आणि तूप घालून त्यांचा चुरमा करतात. आतापर्यंत आंबट-तिखटाच्या सोबतीनं आलेला तोच रोडगा येथे गोड होऊन समोर येतो, आणि निवडीचा प्रश्न पुन्हा नव्यानं पडतो. आग्रह करणारे वाटीभर आमरस पुढे करतात. तो मी दुसऱ्या जेवणासाठी राखून ठेवेन. गोडाला गोड भेटलं की दोन्ही फिकी पडतात. चुरम्याच्या शेजारी मला एकच वस्तू हवी, मीठ आणि तिखट लावलेली कैरीची उभी फोड, सालीसकट, आणि तीही अशी आंबट की पहिल्या चाव्याला एक डोळा आपोआप मिटावा.