रहस्यकथेचे माध्यमांतर : ‘आशा परत येते’ ते ‘पाठलाग’

साहित्यकृतीच्या माध्यमांतराचा विचार मराठी समीक्षेत झाला तो मुख्यत्वे सामाजिक आणि ग्रामीण कादंबरीच्या संदर्भात. रहस्यप्रधान कादंबरी रंजनपर म्हणून बाजूलाच राहिली. वस्तुतः माध्यम बदलले की नेमके काय बदलते, हे पाहण्यासाठी तिच्याइतके सोयीचे उदाहरण नाही. कारण कोणाला काय आणि केव्हा कळते, यावरच तिचा डोलारा उभा असतो. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला ‘पाठलाग’ (१९६४) हा चित्रपट या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगा आहे.

पहिला बदल शीर्षकातच आहे. ‘आशा परत येते’ हे पूर्ण वाक्य आहे आणि त्याची कर्ती स्त्री आहे. नाव आणि भावना यांवरचा श्लेष कागदावर शोभतो. परंतु ती परत येते, हे मुखपृष्ठानेच सांगून टाकलेले असते. ‘पाठलाग’ या शीर्षकाने हा गौप्यस्फोट टाळला. त्याबरोबर कर्तीही गेली. कोण कोणाचा पाठलाग करते, हे आता प्रेक्षकाने ठरवायचे.

कथासूत्र परिचित आहे. जिचे अंत्यसंस्कार स्वतः केले त्या पत्नीसारखीच दिसणारी एक स्त्री गुन्ह्याच्या आरोपाखाली पकडली जाते आणि नामांकित वकील असलेल्या नायकाला ‘मीच तुमची पत्नी’ असे न्यायालयात सांगते. शब्दांत साम्य सांगायचे तर एक वाक्य पुरते. वाचकाने त्यावर विश्वास ठेवायचा असतो. पडद्यावर भावना या अभिनेत्रीचा चेहराच समोर असतो. विश्वास ठेवण्याचा प्रश्न उरत नाही आणि नेमकी तिथेच अडचण होते. कारण दोन्ही भूमिकांत नटी एकच आहे, हे प्रेक्षक जाणतो. म्हणून ‘ती तशी दिसते का’ हा प्रश्न चित्रपटाला टाकून द्यावा लागतो आणि ‘तिला काय आठवते’ या प्रश्नावर रहस्य उभे करावे लागते. दांपत्यजीवनातील खाजगी गोष्टी भर न्यायालयात उच्चारल्या जातात. पुरावा म्हणून स्त्रीजवळ स्मृतीखेरीज काही नसते आणि त्या स्मृतीची ग्राह्यता ठरवणारे सर्व पुरुष असतात. मृत स्त्री ही जुळी बहीण होती, हा उलगडा होईपर्यंत प्रेक्षकही नवऱ्याच्याच बाजूला बसून तिच्याकडे संशयाने पाहत असतो. ‘पाठलाग’ची खरी जरब, माझ्या मते, इथे आहे, उलगडा त्यामानाने सोपा आहे.

रंगभूमीने हाच ओळखीचा प्रश्न कसा हाताळला, हे पाहण्यासाठी दोनच वर्षे मागे जावे लागते. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ (पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२, दिल्ली) कादंबरीवरून आलेले नाही. प्रत्यक्ष खटल्यावर ते आधारलेले आहे. तथापि मांडणी जणू ‘पाठलाग’चा आरसा आहे. तेथे स्त्रिया ‘हाच तो’ म्हणतात आणि निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नाकारतो. येथे स्त्री ‘मीच ती’ म्हणते आणि पुरुष नाकारतो. प्रभाकर पणशीकरांनी त्यात पाच रूपे उभी केली. फिरत्या रंगमंचावर रूप बदलले तरी नट प्रेक्षकांच्या समोरच असतो, त्याचा आवाज ओळखू येतो. त्यामुळे ‘कोण’ हे रहस्य रंगमंचावर टिकूच शकत नाही. अत्र्यांनी ते टिकवण्याचा हट्टही धरला नाही. प्रेक्षक पहिल्यापासून फसवल्या गेलेल्या स्त्रियांच्या बाजूला असतो आणि उत्कंठा उरते ती ‘हा सुटतो की काय’ एवढीच.

अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’चा प्रवासही हेच सांगतो. १९२५ च्या कथेत वेषांतर केलेली स्त्री केवळ वर्णनात असते आणि वकिलाला ती उमगते हाताच्या एका सवयीवरून. १९५३ च्या नाटकात आणि बिली वायल्डर यांच्या १९५७ च्या चित्रपटात ते वेषांतर प्रत्यक्ष डोळ्यांना फसवावे लागते. शिवाय कथेत खुनी मोकळा सुटतो, नाटकात लेखिकेनेच त्याला मंचावर मारले. एकट्या वाचकाला जी बेचैनी देता येते ती भरलेल्या नाट्यगृहाला देणे अवघड, असा त्याचा अर्थ घ्यावा काय?

धाराशिवसारख्या जिल्ह्यात अध्यापन करताना एक गोष्ट जाणवते. विद्यार्थ्याला आता चित्रपट आधी भेटतो, तोही भ्रमणध्वनीवर, आणि कादंबरी भेटलीच तर नंतर. रहस्य त्याला ठाऊक असते. अशा वाचकापुढे ‘मूळ कृतीशी निष्ठा’ ही कसोटी निरुपयोगी ठरते. उलगडा माहीत असताना उरते काय, असे विचारणे अधिक फलदायी.

‘पाठलाग’मध्ये उरते ते गीत. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर यांतून पत्नीची नजर पतीभोवती घिरट्या घालत राहते. न्यायालयाच्या दृष्टीने हा पुरावा शून्य किमतीचा, तरी नायकाचा नकार ऐकणाऱ्या प्रेक्षकाला आतून फितवण्याचे काम तो करतो. कादंबरीला असे साधन नाही. याच कथेवरून १९६५ मध्ये तमिळ ‘इदय कमलम’ आणि १९६६ मध्ये राज खोसला यांचा ‘मेरा साया’ आला. हिंदीत उदयपूरचे वैभव आले आणि त्या प्रमाणात संशयाची धार कमी झाली, असे वाटते. परंतु त्याचे शीर्षक पत्नीच्या तोंडच्या गीतातून उचललेले आहे. ‘माझी सावली’ असे म्हणणारी तीच आहे. मराठी शीर्षकातून गेलेली कर्ती हिंदीत अशा आडवाटेने परत येते.