पाठलाग दिसतो, कारण दिसत नाही

१९५०च्या दशकात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून टिपलेली एक छोटी चित्रफीत आजही जीवशास्त्राच्या वर्गांत दाखवली जाते. तांबड्या रक्तपेशींच्या गर्दीतून वाट काढत एक पांढरी पेशी, न्यूट्रोफिल, स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या मागे लागते आणि अखेर त्याला गिळते. पेशी ही पुस्तकातली निश्चल आकृती नव्हे, हे इतक्या थोडक्यात पटवणारे साधन क्वचितच सापडेल.

तरीही आमची एक तक्रार आहे. ही फीत पाहून 'पेशीने जंतू पाहिला' आणि 'जंतू पळाला' असे कोणालाही वाटेल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. स्टॅफिलोकॉकसला कशाभिका नसतात. तो पळत नाही, भोवतालच्या धक्क्यांनी ढकलला जातो. आणि पेशीला तर डोळेच नाहीत.

मग दिशा ठरते कशी? जिवाणूंची प्रथिने फॉर्मिल-मेथिओनिनपासून सुरू होतात. अशा प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर पसरतात. ते जिवाणूजवळ दाट, तर दूर विरळ असतात. हे तुकडे पांढऱ्या पेशींना आकर्षून घेतात, हे १९७५ साली दाखवले गेले. न्यूट्रोफिलच्या पटलावर त्यांना पकडणारे हजारो ग्राही असतात. जिवाणूकडच्या बाजूचे ग्राही थोडे अधिक व्यापले जातात. पेशीच्या दोन टोकांशी संहतीत जेमतेम १ टक्का फरक असला तरी तो पुरतो. त्या बाजूला अ‍ॅक्टिनचे धागे वाढून पटल पुढे ढकलले जाते, तर मागची बाजू मायोसिन आवळून घेते.

म्हणजे चित्रफितीत जे दिसत नाही, तेच खरे कारण आहे. पाठ्यपुस्तकातली कुलूप-किल्लीची उपमाही इथे अपुरी पडते. कोणता रेणू कोणत्या ग्राहीला जुळतो, एवढेच ती सांगते. एक कुलूप उघडल्याने दिशा कळत नाही. ती ठरते पुढच्या आणि मागच्या ग्राहींमधल्या तफावतीतून.

म्हणून आम्ही सुचवतो, की ही फीत दोनदा दाखवावी. पहिल्यांदा काही न बोलता दाखवावी आणि मुलांना निरीक्षणे लिहू द्यावीत. नंतर फळ्यावर जिवाणूभोवती खडूने दाट-विरळ ठिपके काढून ती पुन्हा दाखवावी. शेवटी विचारावे : हेच ठिपके सगळीकडे सारखे पसरले, तर पेशी कोणत्या बाजूला जाईल? 'विशिष्ट अशा कोणत्याच नाही' हे उत्तर मुलांकडून आले, की चित्रफितीचे काम झाले असे समजावे.