यंत्राचे चित्र आणि कातिबाचा हात

यंत्राने काढलेल्या चित्राला कला म्हणावे की नाही, या वादात आपल्याकडे बराच वेळ जातो. आम्हाला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. नवे यंत्र आले की माणसाच्या मनात जी घालमेल होते, ती त्याच यंत्राकडून चित्रात उतरवून घेता येते का?

हर्षित अग्रवाल यांच्या 'द ॲनाटॉमी लेसन ऑफ डॉ. अल्गोरिदम' या कामात याचे एक प्रामाणिक उत्तर मिळते. २०१८ साली दिल्लीच्या नेचर मॉर्ट कलादालनात 'ग्रेडियंट डिसेंट' हे सात कलावंतांचे प्रदर्शन भरले, त्यात हे काम होते. अंजनगाव सुर्जीत राहून आम्ही ते पडद्यावरच पाहिले. शीर्षकात रेम्ब्रांटच्या १६३२ च्या चित्राची आठवण आहे. तिथे डॉक्टर प्रेताचा हात उघडून शिकवतो. इथे अग्रवाल यांनी शस्त्रक्रियेच्या प्रतिमा यंत्राला दाखवल्या आणि त्यावरून यंत्राने मांसासारखे आकार घडवले. कोणत्याच अवयवाचे नाव मात्र घेता येत नाही. शिकणारे आता यंत्र आहे आणि टेबलावर आपण आहोत. पाहताना भीती वाटते, तरी नजर हटत नाही. यंत्राचे अर्धवट ज्ञान लपवलेले नाही, हेच या कामाचे बळ.

उर्दू वाचकाला ही भीती नवी नाही. आपली वर्तमानपत्रे आणि पुस्तके कातिब हाताने लिहीत, मग ती छापली जात. १९८१ मध्ये लाहोरचे 'जंग' दैनिक नूरी नस्तालीक या संगणकीय अक्षरावर निघाले. १९९४ मध्ये 'इनपेज' आले आणि ती सोय छोट्या छापखान्यांपर्यंत पोहोचली. कातिबांची रोजी गेली. पण त्या अक्षरामागे एक हात होता. मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाने सुमारे २० हजार जोडआकार स्वतः लिहिले आणि अक्षराला वडील नूर अहमद यांचे नाव दिले. यंत्राने हात हिरावला, तरी कोणाचा हात घेतला हे सांगितले.

आजची चित्रयंत्रे हे सांगत नाहीत. मार्च २०२५ मध्ये लोकांनी आपली छायाचित्रे जपानच्या घिबली स्टुडिओच्या धाटणीत बदलून घेतली. त्या धाटणीसाठी आयुष्य घालवलेल्या चित्रकारांचा उल्लेख कितींनी केला?

वर्गात आम्ही असेच एक चित्र दाखवले, विषय 'म्हातारा कातिब'. कंदील, पांढरी दाढी, वाकलेली पाठ, सारे देखणे. एक मुलगी म्हणाली, "सर, बे का नुक्ता कहाँ है?" कागदावर अक्षरे नव्हतीच, अक्षरांचा भास होता. उद्याचे यंत्र नुक्ते बरोबर देईल; त्याने आमची तक्रार मिटणार नाही. त्या चित्रात हळहळ आहे, पण रोजी गेलेला माणूस नाही. अग्रवाल आपल्याला टेबलावर ठेवतात; हे चित्र आपल्याला सुखरूप बाहेर बसवते. तंत्राने आलेल्या बदलाबद्दलच्या कलेची परीक्षा आम्ही इथेच करू.

म्हणून मुलांना आम्ही एवढेच सांगितले आहे : चित्र खुशाल बनवा. पण त्याखाली आपल्या मोहल्ल्यात कोणाचे काम कोणत्या यंत्राने गेले, ते त्यांना विचारून स्वतःच्या अक्षरात लिहा. नुक्त्यांसकट.