आधी रीत, मग धडा?

जूनमध्ये शाळा उघडली की पहिले दोन-तीन आठवडे पुस्तकवाटप, बाकांच्या जागा आणि हजेरीपटावरची नावे यांत जातात. खरे शिकवणे त्यानंतर, असा आपला समज असतो. हॅरी वाँग आणि रोझमेरी वाँग यांचे ‘द फर्स्ट डेज ऑफ स्कूल’ (१९९१) हे अमेरिकी पुस्तक याच्या उलट सांगते. हेच दिवस शिकवण्याचे, मात्र शिकवायची ती वर्गाची रीत. हॅरी वाँग मूळचे विज्ञानशिक्षक, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वर्गातली मुख्य अडचण बेशिस्त ही नाही. कामाच्या ठरलेल्या रीतीच नसतात, ही आहे, असे लेखकांचे म्हणणे. वर्गात आल्यावर फळ्यावरचे काम कोणी न सांगता सुरू करणे, शिक्षकाने हात वर केला की थांबणे, या गोष्टी नुसत्या सांगून भागत नाही. त्या समजावून द्यायच्या, मुलांकडून करवून घ्यायच्या आणि अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा करवून घ्यायच्या. पोहणे आपण सूचना लिहून देऊन शिकवत नाही, हेही तसेच.

याला आधार आहे. एमर, एव्हर्टसन आणि अँडरसन यांनी तिसरीच्या २७ वर्गांचे वर्षारंभी निरीक्षण केले (१९८०). नियम जवळजवळ सगळ्याच शिक्षकांकडे होते. ते किती नीट शिकवले, यात फरक होता. त्याआधी १९७० साली जेकब कूनिन यांनी दाखवले होते, की शिक्षक मुलांना कसे रागावतो याने फारसे काही ठरत नाही. त्याचे वर्गभर लक्ष आहे का, एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग अडखळल्याशिवाय जातो का, याने ठरते.

पण निरीक्षणात दिसलेला संबंध म्हणजे कारण नव्हे. जो शिक्षक रीत नीट शिकवतो तो बहुधा धडाही नीट शिकवतो. मग श्रेय कशाला द्यायचे? ही सावधगिरी पुस्तकात कमी आणि आत्मविश्वास उदंड. विज्ञानशिक्षकाच्या लेखणीतून हे आले म्हणून जास्त खटकते.

दुसरी अडचण आपली. पुस्तकातली खोली शिक्षकाची असते. तो दारात उभा राहून मुलांचे स्वागत करतो, आणि घंटेने नव्हे तर त्याच्या सांगण्याने वर्ग सुटतो. आपल्या माध्यमिक शाळांत खोली मुलांची, आणि शिक्षक तासापुरता पाहुणा. घंटा झाली की पुढचे शिक्षक दारात उभे. अशा वर्गात एकट्या शिक्षकाने रीत घालून काय होणार? सातवीला शिकवणाऱ्या सर्वांनी आधी बसून चार गोष्टी ठरवल्या तरच ती टिकेल. पुस्तक इथे मदतीला येत नाही.

आणि रीत कशासाठी? साठ मुलांत दहा भिंगे फिरवायची तर गटप्रमुखाने मोजून नेणे व मोजून परत देणे ही रीत हवीच. नाहीतर निम्मा तास वाटपात जातो. पण वर्गात न ठरवता पडलेल्याही रीती असतात. मेरी बड रो यांनी १९७४ साली लिहिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि न बोलणारी मुलेही बोलू लागतात. जूनमध्ये घालून द्यावी अशी रीत ही. वाँग यांचा भर मात्र हालचालींवर आणि वस्तूंवर. विचार करायला वेळ देण्याच्या सवयीकडे त्यांचे तेवढे लक्ष नाही.

तरीही शाळेच्या ग्रंथालयात एक प्रत असावी. वर्गाच्या व्यवस्थेवरचा भाग मे महिन्यातच वाचावा, जमल्यास सहकाऱ्यांसोबत. बाकीचा चाळला तरी चालेल.