माठातला तंबोरा

नंदुरबारच्या घरी मी ८ इंची फुलरेंज स्पीकर माठाच्या तोंडावर बसवला, माठ आडवा ठेवला आणि मालकंसाची रेकॉर्ड लावली. खर्ज असा घुमला, की माठ भरून वाहतोय! पण तंबोऱ्याची जवारी गायब. मी लगेच निकाल दिला : "ध्वनिमुद्रण सुमार!"

"जवारी छान ऐकू येतेय की!" जमिनीवर बसून मिरच्यांचे देठ खुडणारी आमची ही म्हणाली.

खाली बसलो. खरंच! १०,००० कंपनांच्या स्वराची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. एवढ्या रुंद कागदी शंकूतून तो बॅटरीच्या झोतासारखा नाकासमोर जातो. मी खुर्चीत, झोत गुडघ्यांवर!

समीक्षकाचं आसन उंच असलं, की बारीक स्वर खालून जातात. माठ आता स्टुलावर आहे. निकाल मागे घेतलाय.