महाजालावरील मराठी आरोग्यलेखन : विश्वासार्हतेच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

वैद्याकडे जाण्यापूर्वी चार जाणत्या माणसांना विचारावे, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. त्या जाणत्यांची जागा आता मोठ्या प्रमाणात मोबाईलने घेतली आहे. पनवेल तालुक्यातील रोडपालीचेच उदाहरण घेता येईल. लगत सिडकोची कळंबोली वसाहत, जवळच तळोजा औद्योगिक वसाहत आणि काही किलोमीटरांवर खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र आहे. तज्ज्ञ इतके जवळ असले तरी त्यांच्या आधी व्हॉट्सॲपवरील निनावी मजकूर घरात पोहोचतो. अशा मराठी मजकुराची पारख करण्यास प्रचलित निकष कितपत पुरे पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रचलित निकष

अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने १९९७ साली महाजालावरील वैद्यकीय माहितीसाठी चार अपेक्षा मांडल्या. लेखक कोण, आधार कोणता, हितसंबंध कोणाचे आणि मजकूर केव्हाचा, हे वाचकास कळले पाहिजे, असा त्यांचा आशय होता. त्याच सुमारास जिनिव्हा येथील ‘हेल्थ ऑन द नेट’ या संस्थेने आठ तत्त्वांची संहिता केली व ती पाळणाऱ्या संकेतस्थळांना प्रमाणचिन्ह देण्यास आरंभ केला. ही संस्था २०२२ साली बंद झाली. प्रमाणपत्र देणारी संस्थाच चिरस्थायी नसते, हा त्यातून घ्यावयाचा पहिला धडा होय.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. मजकूर आपल्या पानावर स्थिर राहतो, असे हे निकष गृहीत धरतात. मराठी वाचकाच्या हाती येणारा मजकूर मात्र पानावरून सुटलेला असतो. नाव गळते, तारीख गळते, आधार गळतो आणि उरतो तो ‘सर्वांना पाठवा’ हा आग्रह. निकष लावावयाचे कशास, असा प्रश्न येथे निर्माण होतो.

२. ‘समाजस्वास्थ्य’चा दाखला

या प्रश्नाचा विचार करताना मराठीतील एक जुने उदाहरण उपयुक्त ठरते. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले व १९५३ मधील आपल्या निधनापर्यंत ते चालविले. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते, डॉक्टर नव्हते. केवळ पदवी पाहणाऱ्या वाचकाने त्यांचे लेखन बाजूस सारले असते. तथापि त्यांच्या लेखनाखाली त्यांचे नाव होते, अंकावर महिना होता आणि वाचकांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे होती. या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, परंतु निकाल विरुद्ध गेला.

कर्व्यांचे प्रत्येक मत आज ग्राह्य मानण्याचे कारण नाही. परंतु ते खोडून काढता येते, कारण ते कोणाचे व केव्हाचे हे ठाऊक आहे. लिहिलेल्या शब्दासाठी न्यायालयात उभे राहावे लागणे ही उत्तरदायित्वाची परिसीमा होय. उलट, ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले आहे’ असे म्हणणारा मजकूर पदवीचा आधार घेतो, पण उत्तरदायित्व टाळतो.

३. २०२४ चे निवेदन

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू व राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी हळद, कडुनिंब आदींचा समावेश असलेल्या आहाराने पत्नीचा कर्करोग बरा झाल्याचे सांगितले. त्याची ध्वनिचित्रफीत सर्वत्र पसरली. त्यानंतर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांच्या नावे निवेदन प्रसिद्ध केले. यांपैकी काही पदार्थांवर संशोधन चालू आहे, परंतु कर्करोगावरील उपचार म्हणून त्यांची शिफारस करण्याजोगी रुग्णांवरील चाचण्यांची माहिती नाही, असा त्याचा आशय होता.

या निवेदनात लेखक, तारीख व संस्था या तिन्ही गोष्टी आहेतच. परंतु त्याचे खरे बळ ‘संशोधन चालू आहे’ या कबुलीत आहे. खोटा दावा आपली मर्यादा सांगत नाही. चाळीस दिवसांत, हमखास, दुष्परिणामाविना, हीच त्याची परिभाषा असते. आपल्या ज्ञानाची सीमा सांगणे हा विश्वासार्हतेचा स्वतंत्र निकष मानला पाहिजे.

४. शब्दांचा पेच

मजकूर प्रामाणिक असूनही शब्द दगा देतात. ‘पित्त’ या एका शब्दात यकृतातील स्राव, आयुर्वेदातील दोष, पोटातील आम्लता आणि अंगावर उठणाऱ्या गांधी हे चारही अर्थ सामावतात. छातीतील जळजळ ‘पित्त’ म्हणून शोधणाऱ्यास थंड दुधाचा उपाय सापडेल. ती हृदयविकाराची वेदना असल्यास त्या उपायात मोलाचा वेळ जाईल. ‘गाठ’ या शब्दाचेही तसेच आहे. सुजलेली लसीका ग्रंथी, पाण्याची गाठ व कर्करोगाची गाठ यांतील भेद तो शब्द दाखवीत नाही. इंग्रजीत घडलेल्या निकषांत या पेचाला स्थान नाही. म्हणून, कोणत्या लक्षणावर वाचन थांबवून रुग्णालय गाठावे हे चांगल्या मराठी आरोग्यलेखनाने स्पष्ट सांगितले पाहिजे.

समारोप

सारांश, लेखक, आधार, हितसंबंध व काळ या चार प्रश्नांना मराठीत आणखी तीन जोडणे आवश्यक आहे. मजकूर आपली मर्यादा सांगतो काय? चुकल्यास उत्तर देण्यास कोणी बांधील आहे काय? शब्दाचा अर्थ व धोक्याचे लक्षण तो स्पष्ट करतो काय? ही पारख वैद्यकाच्या प्राध्यापकांवर सोपवून भागणार नाही. संदर्भाविना आलेले विधान स्वीकारू नये, हे आपण प्रकल्पलेखनात विद्यार्थ्यांना शिकवितोच. कळंबोली-रोडपालीच्या घरांत आजीच्या मोबाईलवर आलेला संदेश वाचून दाखविणारा बहुधा हाच विद्यार्थी असतो. भाषा, विज्ञान व समाजशास्त्र या तिन्ही विभागांनी एखादा प्रसृत संदेश वर्गात घेऊन त्याचा उगम शोधण्याचा स्वाध्याय दिला, तर ही शिस्त प्रबंधापुरती न राहता घरापर्यंत पोहोचेल.