बेफिकीर, पण कशाबद्दल?

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत ज्यांची रोजची ये-जा असते, त्यांना काही शब्द वाटेत अडवतात. शब्द दोन्हीकडचा असतो, उच्चारही जवळजवळ तोच असतो; पण एका घरात तो धीर देतो आणि दुसऱ्या घरात ठपका ठेवतो. ‘बेफिकीर’ हा असाच एक शब्द. उर्दूत ‘आप बेफिक्र रहिए’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरते. मराठीत ‘तुम्ही बेफिकीर राहा’ असे कुणी म्हणत नाही. म्हटलेच तर ऐकणारा चमकून पाहील. तिथे ‘निश्चिंत राहा’ किंवा ‘निर्धास्त राहा’ म्हणावे लागते. उर्दू माध्यमातला विद्यार्थी मराठीच्या निबंधात ‘आईने मला बेफिकीर राहायला सांगितले’ असे लिहितो, तेव्हा आईने धीर दिला एवढेच त्याला म्हणायचे असते. तपासणाऱ्याला मात्र ती आईच बेजबाबदार वाटते. वर्गात आम्हाला या वाक्यापाशी थांबावे लागते, कारण लाल शाईची एक रेघ मारून हा गुंता सुटत नाही.

‘फिक्र’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा पहिला अर्थ विचार, चिंतन. उर्दूने हा अर्थ अजून जपला आहे. ‘गौर-ओ-फिक्र’ म्हणजे खोल विचार. ‘फिक्र-ए-इक्बाल’ म्हणजे इक्बाल यांची विचारधारा, त्यांना लागलेली काळजी नव्हे. मराठीत शब्द आला तो अर्ध्याच अर्थाने. विचार मागे राहिला आणि चिंता तेवढी आली. शिवाय मराठीत ‘फिकीर’ आणि ‘पर्वा’ हे दोन्ही शब्द बहुधा नकाराच्या किंवा प्रश्नाच्या सोबतीनेच येतात : ‘मला फिकीर नाही’, ‘कुणाला पर्वा आहे?’ ‘मला तुझी पर्वा आहे’ असे सरळ बोलणारा माणूस क्वचित भेटतो. तरीही ‘फिकीर करू नका’ या वाक्यात जुना दिलासा टिकून आहे. म्हणजे नामात जो धीर उरला, तो विशेषणातून निघून गेला.

असे का व्हावे? एक सोपे उत्तर आपल्या ओठांवर लगेच येते : शब्द आपल्याकडून गेला म्हणून त्याची पायरी उतरली. भाषाशुद्धीच्या चळवळीची आठवण असलेल्या वाचकाला हे उत्तर पटण्यासारखे आहे. माधव जूलियन म्हणजेच माधवराव पटवर्धन हे स्वतः फारसीचे प्राध्यापक. त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ साली निघाला. फारसी शब्दांवर मनापासून प्रेम करणारा हाच कवी पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभा राहिला आणि १९३८ साली त्यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध झाले. त्या वादात दोन्ही पक्षांचा प्रश्न एकच होता : शब्द आला कुठून? आमच्या मते ‘बेफिकीर’चे कोडे या प्रश्नाने सुटत नाही.

उदाहरणेच पाहू. ‘निर्धास्त’मध्ये संस्कृत उपसर्ग आहे, आणि त्यातली ‘धास्त’ अरबी ‘दहशत’पासून आली असे मानतात. दोन भाषांचा हा जोडशब्द मराठीत चांगल्या अर्थानेच नांदतो. ‘बेधडक’मध्ये ‘बे’ फारसी, ‘धडक’ इथलीच, तोही कौतुकाचा. ‘बिनधास्त’ने तर फारच मोठी मजल मारली. १९९९ साली चंद्रकांत कुलकर्णी यांच्या चित्रपटाने तो नाव म्हणून मिरवला आणि तरुण मुलींच्या तोंडी तो अभिमानाचा शब्द झाला. उलट ‘निष्काळजी’ला फारसीचा वाराही लागलेला नाही, तरी तो सरळसरळ दोषाचा शब्द आहे. तेव्हा मूळ कुळावरून शब्दाची पत ठरते, हे म्हणणे शुद्धिवाद्यांनी मांडले काय किंवा आपण तक्रारीच्या सुरात मांडले काय, टिकत नाही.

पत ठरते ती दुसऱ्याच गोष्टीवरून. माणूस स्वतःच्या भीतीबद्दल बेफिकीर असेल तर मराठी त्याचे कौतुक करते : बेडर, बेधडक, बिनधास्त. दुसऱ्याच्या हक्काबद्दल, दुसऱ्याच्या जिवाबद्दल बेफिकीर असेल तर त्याला दोष देते : बेपर्वा, बेदरकार, निष्काळजी. ‘काळजी’ या शब्दातच ही दोन दारे आहेत. काळजी करणे वेगळे, काळजी घेणे वेगळे. जो काळजी करत नाही तो निश्चिंत. जो काळजी घेत नाही तो निष्काळजी. इंग्रजीतही ‘केअरफ्री’ आणि ‘केअरलेस’ असे दोन शब्द आहेतच. त्याच भाषेतला ‘इंडिफरंट’ हा शब्द तर पूर्वी निःपक्षपाती या चांगल्या अर्थाने चालत असे. पुढे त्याला अनास्थेचा अर्थ चिकटला आणि सुमार दर्जाचाही. आपण त्याला तटस्थ, उदासीन, बेपर्वा, सुमार असे चार पर्याय देतो. पण त्यांतला कोणता कुठे घ्यायचा, हे ‘कशाबद्दल?’ असे विचारल्याशिवाय ठरत नाही.

‘उदासीन’चा प्रवासही असाच. मूळ अर्थ अलिप्तपणे बसलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताच्या गुणांत मोजला आहे. आज तो वर्तमानपत्रांत भेटतो, ‘प्रशासन उदासीन’ अशा मथळ्यात. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्यांतले तानसा १८९२ सालचे. याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी अलिप्तपणा हा गुण राहत नाही. उंबरमाळीजवळून मुंबई-नाशिक महामार्ग जातो. या रस्त्यावरच्या अपघाताच्या बातमीत ‘बेदरकारपणे वाहन चालवून’ हे शब्द ठरलेले असतात. कायद्याने हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २७९ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आहे. उर्दूत ‘दरकार’ म्हणजे गरज, ‘मदद दरकार है’ म्हणतात तशी. मराठी ड्रायव्हर मात्र दुसऱ्याच्या जिवाची दरकार ठेवत नाही, म्हणून बेदरकार.

आणखी एक शब्द आपल्या घरचा आहे, ‘बेनियाज’. सूरह इख्लासमधल्या ‘समद’ या शब्दासाठी उर्दू अनुवादक तो वापरतात. ज्याला कुणाची गरज नाही आणि ज्याची सर्वांना गरज आहे, तो. एखाद्या दरवेशालाही बेनियाज म्हणतात, कारण त्याला दुनियेकडून काही नको असते. गझलेत मात्र प्रेयसीच्या बेनियाजीची तक्रार चालते. एकाच शब्दाची ही दोन तोंडे ध्यानात न घेता कुणी घाईत ‘बेपर्वा’ असे भाषांतर केले, तर अर्थाचा अनर्थ होईल. रब आपल्या बंद्यांबद्दल बेपर्वा नसतो. मराठीत ‘निरपेक्ष’ हा शब्द जवळ जातो. दोन भाषांमध्ये उभ्या असलेल्या लेखकाचे काम किती नाजूक आहे, हे यावरून दिसावे.

हा सारा खटाटोप केवळ कोशापुरता नाही. ‘मुस्लिम पालक शिक्षणाबाबत बेफिकीर असतात’ हे वाक्य आपण शिक्षकांच्या बैठकीत, भाषणांत, आणि खरे सांगायचे तर आपल्याच समाजाच्या सभांत किती वेळा ऐकले आहे! इथेही तोच प्रश्न विचारला पाहिजे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. मुसलमानांना आधुनिक शिक्षण नकोच असते हा समज त्याने मान्य केला नाही. शाळेच्या वयाची चार टक्क्यांहून कमी मुस्लिम मुले मदरशात जातात, हे त्याने दाखवले. मुली पुढे का शिकत नाहीत याची कारणे देताना घराजवळ शाळा नसणे, मुलींसाठी वसतिगृह नसणे, शिक्षिका नसणे या गोष्टींकडे बोट दाखवले. गावात पुढचा वर्ग नसेल आणि मुलीला कसाऱ्याच्या लोकलमधून एकटीने जायचे असेल, तर तिला घरी ठेवणाऱ्या बापाला फिकीर नसते की फिकिरीने त्याचे हातपाय बांधलेले असतात? त्याचा निर्णय आम्हाला मान्य नाही. पण त्याला लावलेले विशेषणही खरे नाही. आणि शाळा देण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांच्या अनास्थेला आपण ‘उदासीनता’ असे सौम्य नाव देतो, हेही पाहून ठेवावे.

यावर उपाय म्हणून कुणी शब्द बदलायला सांगेल. आम्ही तसे म्हणत नाही. मुलांना दोन्ही अर्थ शिकवावेत. मराठीत लिहिताना धीर द्यायचा असेल तर ‘निश्चिंत’ लिहा, पण तुमच्या अम्मीचे ‘बेफिक्र’ही चांगलेच आहे, हे वर्गात स्पष्ट सांगावे. प्रगतिपुस्तकात ‘बेफिकीर’ असा एका शब्दाचा शेरा मारण्याऐवजी मुलाने काय केले नाही ते लिहावे. गृहपाठ राहिला असेल तर गृहपाठ राहिला असे. आणि आपल्या कथा-कवितांतल्या आया मराठीत बोलतात, तेव्हा त्यांच्या तोंडी कधी तरी ‘बेफिकीर राहा बेटा’ येऊ द्यावे. संदर्भ ठसठशीत असेल तर वाचक अर्थ लावून घेईल. ‘बिनधास्त’चा अर्थ मराठीने वापरातूनच घडवला, ‘बेफिकीर’चा हरवलेला दिलासाही कुणी वापरला तरच परत येईल.